तीन डेसिबलचा चमत्कार

दारव्ह्याला इंद्रजित गावंडेंच्या बंगल्यासमोर सकाळी नऊलाच अकरा जीपा लागल्या होत्या. फाटकापासून पोर्चपर्यंत चपलांचा असा ढीग पडला होता, की आत शिरणारा दुसऱ्याच्या चपला तुडवत जात होता आणि बाहेर पडणारा दुसऱ्याच्या चपला घालून जात होता. हॉलमधले सोफे अंगणात आले होते आणि अंगणातली माणसं हॉलमध्ये घुसली होती. जिन्याच्या पायरीपायरीवर तीन-तीन बाया बसल्या होत्या.

हॉलच्या मधोमध सागवानी फळ्यांचा बुटका मंच होता. वीतभर उंच, आतून पोकळ. त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर छातीइतके उंच, काळेभोर टॉवर स्पीकर उभे होते. आणि त्यांच्याकडे पाठ करून, उघड्या फळीवर मांडी घालून, साडेचार वर्षांची खुशी बसली होती. खुशी गावंडे, जन्मापासून बहिरी. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून तसं लिहून दिलेलं होतं.

मंचाच्या कडेला घननाद महाराज उभे होते. अंगात रेशमी भगवा कुर्ता, डोळ्यांवर सोनेरी काडीचा गॉगल, हातात चांदीच्या मुठीचा दंड.

"सायन्सवाले काय म्हणते?" महाराजांनी गर्दीला विचारलं. "म्हणते, कानात पडदा असते. अरे, पडदा तर टॉकीजमधीबी असते! पण पिच्चर पाहते कोन? पडदा पाहते का? आत्मा पाहते! तसाच कान फकत दरवाजा हाय. अन् दरवाजा उघडाले काय लागते? शक्ती! पावर! देवाचा नाद ऐंशी वॉटात मावत नाई, बाबू!"

दंड वर गेला. "छोडो नाद!"

ढोल कडाडला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, देवघरातली घंटी आपोआप किणकिणली, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी छातीवर हात ठेवले. आणि खुशीनं झटकन मान वळवून मागं पाहिलं.

"अगं बाई!" "पाह्यलं! पाह्यलं पोट्टीनं!" "घननाद महाराज की..."

महाराजांनी खुशीच्या तोंडात पेढा कोंबला. तिची आजी, रुखमाबाई, दंडवत घालून तिथंच आडवी झाली. इंद्रजितभाऊ, ज्यांच्या कृषी केंद्रात चार तालुक्यांचे शेतकरी रांग लावत, ते तोंडात रुमाल कोंबून लहान मुलासारखे रडत होते.

त्या साऱ्या गर्दीत एकच माणूस खुशीकडे बघत नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायरमागं उकिडवी बसलेली मोनाली वाघमारे हातातल्या मोबाइलवरचा आकडा बघत होती. आवाज मोजणारं अ‍ॅप चालू होतं. आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

*

मोनाली यवतमाळहून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. वर्षभरापासून ती दारव्ह्याला सुनीलभाऊंच्या दुकानात होम थिएटर बसवायचं काम करत होती. गिऱ्हाइकाच्या खोलीत टेप लावून मापं घ्यायची, स्पीकर कुठं ठेवायचे ते ठरवायची, आणि ज्याचा तिला खरा शौक होता, तो कोणत्या स्पीकरला किती ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल याचा हिशोब मांडायची.

इंद्रजितभाऊ महाराजांच्या सांगण्यावरून स्पीकर घ्यायला दुकानात आले, तेव्हा तिनं हाच हिशोब त्यांना समजावून सांगितला होता.

"भाऊ, हे टॉवर दीडशे वॉटांपर्यंत सोसतात. पण तुमचा हॉल चौदा बाय अठराचा आहे. ऐंशी वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर झाला. खरं तर गाणं ऐकताना तीन-चार वॉटच खर्च होतात."

"चार वॉट?" इंद्रजितभाऊंचा आवाज चढला. "माह्या पोरीसाठी चार वॉट? आमच्या लग्नाच्या वरातीत डीजे चाळीस हजार वॉटाचा होता!"

"वरात रस्त्यावर होती, भाऊ. हे घर आहे."

"तुले नाई समजणार, पोरी. आवाज छातीत वाजला पाह्यजे."

इथंच सगळं बिघडलं होतं. आपल्याकडे आवाजाची परीक्षा कानानं होत नाही, छातीनं होते. पोळा असो, वरात असो, डीजे चांगला कोणता? ज्यानं काळीज हललं तो. गाण्याचे शब्द समजले नाहीत तरी चालतं. अशा गावात 'ऐकू येणं' आणि 'हादरणं' यांत फरक असतो, हे कोण कुणाला सांगणार?

तरी शेवटी इंद्रजितभाऊंनी ऐंशी वॉटांचाच घेतला. महाराजांचा पहिला प्रयोग त्यावर झाला आणि फसला. खुशी ढिम्म हलली नाही. महाराजांनी डोळे मिटून निदान केलं. "शक्ती कमी पडून राह्यली. दुप्पट करा." मोनालीनं एकशेसाठ वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर आणून जोडला. आणि त्या दिवशी पोरगी वळली.

दुकानात परत आल्यावर मोनालीनं बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित केलं. तसं ते तिला तोंडपाठ होतं. शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो तो फक्त तीन डेसिबलनं. व्हॉल्यूमचं बटण जरासं फिरवावं, इतकाच फरक. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती दहापट लागते. मोबाइलवरचा आकडाही तेच सांगत होता. आणि खुशी तर डॉक्टरांच्या मशीनवर शंभर डेसिबललाही हललेली नव्हती.

"सुनीलभाऊ," ती म्हणाली, "तीन डेसिबलनं बहिरं पोर ऐकायला लागतं का?"

"लागलं न. तूनं पाह्यलं."

"त्या दिवशी नुसते तीन डेसिबलच वाढले नव्हते. गालिचा काढला. महाराजांनी स्वतः टॉवरखालचे रबर काढायला लावले आणि लोखंडी टोकदार पाय लावायला सांगितले. वर पोकळ मंच आणला. पोरीला त्याच मंचावर बसवलं, तेही गादीशिवाय. 'नाद आणि जीव यांच्यात कापूस नको' म्हणे! आपण टॉवरखाली रबर कशासाठी लावतो, भाऊ?"

"फरशी हादरू नये म्हणून."

"मग ज्याला फरशी हादरायलाच पाहिजे, तो काय करेल?"

सुनीलभाऊंनी गल्ल्यावरचा फोटो पुसला, मग चष्मा पुसला. "मोना, आपुन दुकानदार. गिऱ्हाइकाले माल द्यावा, अक्कल देऊ नाई. तुले कायले पंचायत?"

मोनालीनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणि ती गप्प बसली. एकदोन दिवस नव्हे, दहा आठवडे. पुढं जे झालं त्यात या दहा आठवड्यांचाही वाटा आहे. तो महाराजांच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही, हे ती आजही मान्य करते.

*

फेब्रुवारीत गावंडेंकडून फोन आला. आवाज 'दबल्यासारखा' येतोय. मोनालीनं जाऊन टॉवर उघडले, तर दोन्ही ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, जळलेले. महाराजांनी बासचं बटण टोकापर्यंत आणि व्हॉल्यूमही टोकापर्यंत ठेवायचा नेम घालून दिला होता. इतकं ताणलं की एकशेसाठ वॉटांचाही दम संपतो. त्याचा आवाज फाटतो, आणि फाटका आवाज आधी नाजूक ट्वीटरला जाळतो.

"कधीपासून असं आहे, वहिनी?"

"झाले असतीन पंधरा-वीस दिवस," खुशीची आई उर्वशी म्हणाली.

"आणि खुशी? या पंधरा दिवसांत वळायची थांबली का?"

"नाई न. रोज वळते."

झांजा गेल्या, बासरी गेली, गाणाऱ्याच्या गळ्यातली धार गेली. चमत्कार मात्र ठणठणीत! मोनाली ट्वीटर हातात धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात खुशी आतून धावत आली. तिचे दोन्ही हात मनगटाशी लाल ओढणीनं बांधलेले होते.

"हे काय?"

उर्वशीनं दाराकडे पाहिलं. सासू देवळात गेलेली. तरी तिचा आवाज खाली गेला. "ते हातानं बोलत होती. पानी पायजे तं असं, भूक लागली तं तसं. अन् मले बलवाचं असलं का," तिनं स्वतःच्या नाकातल्या चमकीवर बोट टेकवलं, "असं करे. महाराज म्हणते, हात बोलाले लागले का कान आळशी होते. म्हून दिवसभर बांधून ठेवा लागते. फक्त जेवताना सोडतो."

"आणि कान? घरात हाक मारली तर ऐकते?"

उर्वशीनं पुन्हा दाराकडे पाहिलं. मग एकदम बोलली. "कुकरची शिट्टी तिच्या कानापाशी होते, पोरगी पापणी हालवत नाई. परवा पितळी परात हातातून पडली, सारं घर दचकलं, हे आपली खेळून राह्यली. म्या खुशीच्या बाबाले सांगतलं तं म्हणे, तुले पोरगी बरी झालेली पाहवत नाई काय? अन् महाराज म्हणे, आईच्या मनातला संशय पोरीच्या कानात मळ होऊन बसला. मंग मले सात दिवस मीठ बंद."

"कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनचं काय झालं?"

"दिवाळीनंतरची तारीख सोडली. आता नागपूरवाल्यांनं दुसरी देल्ली, ह्या गुरुवारची. डॉक्टरनं बजावलं हाय, पाच वर्षांच्या आत झालं पायजे. उशीर झाला का मेंदू आवाज शिकाचं इसरते. मार्चमधी पाच पुरे होते तिले." तिनं ओढणीच्या गाठीवर हात ठेवला. "रविवारी मोठा सोहळा हाय. महाराज साऱ्यासमोर सांगनार, आता ऑपरेशनची गरज नाई."

खुशी आईकडे बघत होती. बांधलेले हात वर उचलून तिनं एका बोटानं स्वतःचं नाक शिवलं. आई. उर्वशीनं भिऊन ते हात खाली दाबले.

"वहिनी," मोनाली म्हणाली, "रविवारी मी ट्वीटर घेऊन येते. तुम्ही फक्त पुढं उभ्या राहा."

*

रविवारी गर्दी दुप्पट होती. पुसदहून दोन गाड्या आल्या होत्या. त्यांत एक लंगडा म्हातारा होता आणि एक मुलगी, जिला फिट येत. टॉवरांपुढं रांगोळी होती, अ‍ॅम्प्लिफायरला झेंडूचा हार होता. हारानं हवेची जाळी झाकली जाते म्हणून मोनालीनं तो काढला, तेव्हा रुखमाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं मूर्तीचे कपडे ओढले.

नवे ट्वीटर बसवून मोनाली टॉवरांच्या मागं गेली. अशा टॉवरला पाठीमागं तारेच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीवर गळा, बासरी, झांजा, म्हणजे कानानं ऐकायचं सगळं. खालच्या जोडीवर मोठे वूफर, म्हणजे छातीनं ऐकायचं. दोन्ही जोड्या पितळी पट्टीनं सांधलेल्या असतात. मोनालीनं दोन्ही टॉवरांच्या पट्ट्या काढून खिशात टाकल्या. तार फक्त वरच्या जोडीला ठेवली.

महाराजांचं प्रवचन आज आणखी रंगलं. "नागपूरचा डॉक्टर म्हणते, डोक्याले भोक पाडतो, मशीन बसोतो! अरे, देवानं दोन भोकं देल्ली न कानाले? तिसरं कायले?" हशा पिकला. "म्या काय फीस घेतली? फकत श्रद्धा! अन् थोडी वायरिंग!" पुन्हा हशा. मग दंड वर. "छोडो नाद!"

भजन सुरू झालं. गाणाऱ्याचा शब्द न् शब्द स्वच्छ, झांजा लखलखीत. मोनालीनं व्हॉल्यूम नेहमीपेक्षाही वर नेला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कान झाकले.

खुशी बसून राहिली.

अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. ती समोरच्या पेढ्यांच्या ताटाकडे बघत होती.

"मशीन खराब झालं!" इंद्रजितभाऊ ओरडले. "ए पोरी, काय करून ठेवलं तूनं?"

"भाऊ, तुम्हाला गाणं ऐकू येतंय का?"

"येते न!"

"मागच्या मावशींना येतंय?"

"रस्त्यावर येऊन राह्यलं असन!" जिन्यावरून कुणीतरी म्हणालं.

"मग मशीन खराब कसं?"

महाराज हसले. "भक्तहो, नाद शोधून राह्यला पोरीले. मी वाट दाखवतो." त्यांनी तालात दंड आपटला. ठक, ठक, ठक. मंचाच्या फळीवर. खुशी गर्रकन वळली.

"जय हो!" छप्पर उडेल असा गजर झाला. पेढा तोंडात गेला.

"महाराज," गजर विरायच्या आत मोनाली मोठ्यानं म्हणाली, "दंड जरा माझ्याकडे द्या."

"काहून?"

"नाद आत्म्यात शिरतो ना? मग दंडाचं काय काम? आणि पायही मंचावरून खाली घ्या."

"हे पोट्टी कोन होय? इले बाहेर काढा!"

"बाहेर काढा, पण आधी ऐकून घ्या." मोनाली टॉवरमागं वाकली. वरच्या तारा काढून तिनं खालच्या जोडीला लावल्या. आता फक्त वूफर जोडलेले होते. मोबाइलवरून तिनं अठ्ठावीस हर्ट्झचा सूर लावला आणि त्याचा जोर हळूहळू वाढवत नेला. सूर इतका खोल आणि हलका, की माणसाच्या कानाला लागत नाही. "आता सगळे एकदम गप्प. आवाज आला की हात वर करा."

हॉल गप्प झाला. पंख्याची घरघर ऐकू येत होती. एकही हात वर गेला नाही.

"आलाच नाई काई," म्हातारा म्हणाला.

त्याच क्षणी खुशी वळली. टॉवरांकडे बघून हसली आणि पेढ्यासाठी तोंड उघडून बसली.

कुणी गजर केला नाही.

मोनालीनं सूर बंद केला, परत लावला. बंद केला, लावला. लावला की खुशी वळायची. कुणालाच काही ऐकू यायचं नाही आणि जिला ऐकू येत नाही तीच वळायची. मग मोनालीनं त्या लंगड्या म्हाताऱ्याला पुढं बोलावलं. "बाबाजी, हात ठेवा या फळीवर."

म्हाताऱ्यानं तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "बाप्पा! फळी तं मुंग्या आल्यावानी थरथरून राह्यली!"

"तेच तिला कळतं. पायाला, मांडीला. ट्रक गेला की तुमच्या खाटेला कळतं, तसं. टॉवरखालचं रबर काढलं, टोकदार पाय लावले, पोकळ मंच केला, म्हणजे टॉवरची थरथर थेट फळीत. दर वेळी वळली की पेढा. पेढ्यासाठी पोर वळतं. ऐंशी वॉटावर वळली नाही, कारण त्या दिवशी मंच नव्हता. तिनं कानानं काहीही ऐकलेलं नाही. एक दिवसही नाही."

"झूट!" महाराज गरजले. त्यांचा गॉगल घामानं नाकावरून घसरला होता. "इची श्रद्धा नाई म्हून..."

"श्रद्धा राहू द्या. रबर काढायचं तुम्हाला कुणी सांगितलं, आकाशवाणीनं? दहा वर्षं डीजे चालवल्याशिवाय हे सुचत नाही. 'घननाद साउंड', दिग्रस रोड. बोर्ड अजून आहे तिथं, गंजलेला."

गर्दीतून एक खुसखुस उठली आणि लगेच दबली. पण कुणाचं लक्ष आता महाराजांकडे नव्हतं. मंचावर खुशी, सगळे तिच्याकडे टक लावून बघतायत आणि पेढा मात्र येत नाही, हे बघून गोंधळली होती. आपलं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. ती वळली. सूर नव्हता, गाणं नव्हतं, सगळीकडे शांतता होती, तरी वळली. बापाकडे पाहिलं. पुन्हा वळली. पुन्हा बापाकडे पाहिलं. मग भराभर, घाईघाईनं, पुन्हा पुन्हा मान वळवत राहिली, की एखादी तरी वेळ बरोबर येईल.

"खुशी!" इंद्रजितभाऊंनी हाक मारली. मोठ्यानं, आख्खा बंगला दणाणेल अशी. "खुशी! बेटा!"

ती त्यांच्याकडे पाठ करून, बांधलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला काही कळलं नाही.

उर्वशी मंचावर चढली. ओढणीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं दातांनी तोडली. खुशीच्या मनगटांवर लाल वळ होते. तिनं पहिलं काय केलं, तर मोकळं झालेलं बोट आईच्या चमकीवर ठेवलं.

"नागपूरले फोन लावा," उर्वशी नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. गुरुवारी येतो म्हना."

इंद्रजितभाऊंनी खिशातला मोबाइल काढला आणि परत खिशात टाकला.

"लावा न!"

"सकायीच लावला होता," ते पुटपुटले. "सहा वाजून बारा मिनिटं. महाराजांनं मुहूर्त देल्ला होता. येत नाई म्हून सांगतलं. त्यायनं... त्यायनं जागा दुसऱ्याले देल्ली. राळेगावचं लेकरू हाय कोनतं तरी."

*

अशा गोष्टीत शेवटी महाराजांना बेड्या पडतात आणि गाव शहाणं होतं. इथं तसं काही झालं नाही. महाराज त्याच दुपारी पुसदच्या गाडीत बसून गेले, त्यांच्यासोबत फिट येणारी मुलगीही गेली. म्हातारा तेवढा काठी टेकत एसटीनं घरी परतला. अर्ध्या गावाचं मत पडलं, की त्या वाघमारेच्या पोरीनंच करणी केली, चांगली ऐकणारी पोर पुन्हा बहिरी झाली. पुढच्या आठवड्यात दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि म्हणाली, "गावंडेच्या घरी होतं तसं द्या. फळ्यांसकट." सुनीलभाऊंनी मोनालीकडे पाहिलं, मोनालीनं त्यांच्याकडे. मग सुनीलभाऊच म्हणाले, "फळ्या लाकडाच्या टालात भेटते. अन् बहिऱ्याचा डॉक्टर यवतमाळले भेटते. आमच्या इथं फकत गाणं भेटते."

खुशीचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. मार्चमध्ये तिची पाच वर्षं पुरी होऊन गेली होती.

ऑगस्टमध्ये मोनाली गावंडेंकडे गेली, तेव्हा मंच नव्हता. टॉवर होते, खाली रबर लावलेले, आवाज कमी. हॉलमधल्या बंगईवर, म्हणजे लाकडी झोपाळ्यावर, उर्वशी बसली होती आणि मांडीवर खुशी. कानामागं बोराएवढं यंत्र. दोघींचे पाय फरशीपासून वर.

"ऐकते," उर्वशी म्हणाली. "डॉक्टरनं तपासलं. सारं ऐकते. चमचा पडला तं दचकते, मिक्सर लावला का रडते." मग तिनं मुलीच्या पाठीमागून हाक मारली. "खुशी."

खुशी हलली नाही.

"खुशी. खुशी."

तिनं ऐकलं होतं. तिच्या मानेवरून कळत होतं. पण तो आवाज आपला आहे, त्याला वळायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याच वेळी आजी आतून आल्या आणि जाताना त्यांचा धक्का लागून बंगईची फळी थरथरली. खुशी झटकन वळली आणि तिनं तोंड उघडलं. पेढ्यासाठी.

"रोज दोन तास बसतो असं," उर्वशी म्हणाली. "पाय वर घेऊन. ऐकाले शिकोनारी बाई म्हणते, वर्ष लागन, दोन लागतीन. जे शिकोलं ते आधी विसराले लावा लागते." आणि ती पुन्हा हाका मारू लागली, एकाच सुरात, न थकता.

मोनाली बंगल्याबाहेर पडली, तेव्हाही त्या हाका ऐकू येत होत्या.

वाचकहो, त्या लाकडी मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या महाराजात काही मोठी अक्कल नव्हती. कुठल्याही डीजेवाल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट त्याला ठाऊक होती, इतकंच. अक्कल तर त्या बंगल्यात जमलेल्या दोनशे माणसांकडेही होती. त्यांतल्या एकानं जरी विचारलं असतं, की पोरीला फळीवरून उचलून जमिनीवर बसवा आणि मग दाखवा, तर दिवाळीनंतरची तारीख वाया गेली नसती. यासाठी बीएस्सी व्हावं लागत नाही. कुणी चमत्कार दाखवला, की त्यातली एकेक वस्तू बाजूला काढून पाहायची. दंड काढा, मंच काढा, पेढा काढा. मग उरेल ते खरं. आणि हे विचारायला लाज वाटली, भीती वाटली, किंवा 'मले कायले पंचायत' असं वाटलं, तर आपल्या गप्प बसण्याचे आठवडे कुणाच्या वयातून वजा होतात, ते एकदा मोजून पाहा.